रायभानचा नवस आणि नवाबचा टब

सकाळचे नऊ वाजलेत. रंगमंच म्हणजे आमच्या गावातल्या रायभानचं अंगण. डाव्या अंगाला शेळ्यांचा गोठा, उजव्या अंगाला चूल, मधोमध कडुलिंब. कडुलिंबापासून गोठ्याच्या खांबापर्यंत दोरी बांधलीय आणि दोरीवर रायभानच्या बायकोची, रुख्मिणीची, जुनी जांभळी साडी आडवी सोडलीय. साडीमागून वाफ येतेय. वाफेबरोबर आवाज येतोय, "स्स... आय गं... स्स..." प्रेक्षकांत मी एकटाच, समोर रायभानच्या ओट्यावर, हातात चहाची कपबशी.

गोठ्याच्या विंगेतून नवाब प्रवेश करतो. नवाब म्हणजे बोकड. काळा कुळकुळीत, कान लोंबते, दाढी अशी की आमच्या नाटक कंपनीतल्या रंगपट सांभाळणाऱ्यालाही लावता आली नसती. तो साडीकडे बघतो. मान तिरपी करतो. दोन पावलं मागं सरतो आणि शिंगात साडी अडकवून एकच हिसडा देतो.

पन्नास वर्षांत मी पुष्कळ पडदे पाहिले. सुरळीत वर गेलेले पाहिले, अर्ध्यात अडकलेले पाहिले, मानवतला एकदा तर ओढणाऱ्या माणसासकट खाली आलेला पाहिला. पण इतका परिणामकारक पडदा एकही नाही. साडी गेली आणि आत दिसला रायभान. उघडाबंब, लुंगी कमरेच्या वर गोळा केलेली, निळ्या प्लास्टिकच्या टबात गुडघे छातीशी घेऊन बसलेला, डोळे मिटलेले.

नवाबाला लुंगीचं, वाफेचं, कण्हण्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्याला टब ओळखीचा होता. गेली चार वर्षं ह्याच टबात त्याला सरकीची पेंड भिजवून मिळत होती. त्यानं टबात तोंड घातलं, पेंड सापडली नाही, तेव्हा त्यानं रायभानच्या खांद्याला ढुशी दिली.

"काका, हाकला की ह्याला! बघायलाव काय नुसतं?"

"टब त्याचा हाय रायभान."

"तीन आठवडे माझा हाय! डॉक्टरीणबाईनं लिहून दिलंय!"

इथं आपण पडदा जरा धरून ठेवू, कारण रायभान त्या टबात कसा पोचला हे सांगितल्याशिवाय पुढचा अंक कळायचा नाही.

चुडावा स्टेशनपासून दोन कोसांवर आमचं गाव. रायभान बावन्न वर्षांचा, उंच, काटक. अडीच एकर कोरडवाहू आणि चाळीस शेळ्या. शेळीच्या कानाला हात लावून तिला ताप आहे की नुसता रुसवा, हे तो सांगतो. गावातल्या कुणाची शेळी अडली तर माणसं आधी त्याला उठवतात आणि मग जनावरांच्या डॉक्टरला फोन लावतात. स्वतःला काही होतं, असं तो कधी बोलल्याचं कुणाला आठवत नाही. नवाबाची आई विताना गेली, तेव्हा रायभानने ते पिल्लू बाटलीनं दूध पाजून वाढवलं, थंडीत स्वतःच्या वाकळेत घेतलं. पहिले दोन महिने रुख्मिणी त्या पिल्लाला सवत म्हणायची.

अशा ह्या माणसाला अकरा वर्षं मूळव्याध होती आणि ती एकट्या रुख्मिणीला ठाऊक होती. कुणी दिलेली तांब्याची अंगठी त्यानं दोन वर्षं घातली. मानवतच्या बाजारातून एका गाडीवाल्याकडून भुकटीच्या पुड्या आणल्या. त्या पुड्यांनी मूळव्याध सोडून बाकी सगळ्या शरीरावर परिणाम केला. लग्नाच्या पंगतीत तो बसायचा नाही, वाढायला उभा राहायचा. लोक म्हणायचे, किती सेवाभावी माणूस.

एका दुपारी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ चौकटीचं लाकूड नखानं कोरत होता.

"काका, तुमी नाटकात बाईचं काम करत व्हताव ना?"

"तेरा वर्षं."

"साडी नेसून? हज्जार मानसाम्होरं?"

"नऊवारी. नाकात नथ."

"मंग तुमाला लाज अशी न्हाईच."

"उरली न्हाई बाबा."

"मंग तुमालाच सांगतो," असं म्हणून त्यानं सांगितलं. गेल्या महिन्यात रक्त इतकं गेलं होतं की रानात शेळ्यांमागं चालताना त्याला भोवळ आली. नवाब शेजारी उभा होता, त्याच्या शिंगाला धरून तो उठला. "बाजारात पडलो असतो तर साऱ्या दुनियेला कळलं असतं," तो म्हणाला. पडण्याची भीती त्याला नव्हती, कळण्याची होती.

मी त्याला परभणीला नेलं. दवाखान्यात त्यानं डॉक्टर म्हणून एखादा मिशीवाला, पोट सुटलेला गृहस्थ मनात धरला होता. समोर आली पस्तिशीतली बाई, डॉक्टर मंजुषा. रायभान वळला आणि सरळ दाराकडं निघाला.

"मामा, कुठं चालले?"

"चुकून आलो बाई. आमाला दातवाल्याकडं जायचं व्हतं."

"बसा. म्हणजे उभेच राहा," बाई म्हणाल्या. "रोज वीस जणांना तपासते मी. उद्या बाजारात भेटले तर तुमचा चेहरा मला आठवणार नाही, हे लिहून देते."

ह्या आश्वासनावर रायभान थांबला. तपासणी झाली, रक्त चढवलं, चार दिवसांनी ऑपरेशन झालं. राजनंदिनी, त्याची लेक, परभणीतच खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करत होती. तिलाही त्यानं कळू दिलं नाही. घरी सोडताना डॉक्टर मंजुषांनी समोर उभं करून समजावलं: सूज येईल, हाताला गाठीसारखं लागेल, घाबरायचं नाही, दोन-तीन आठवड्यांत उतरते. रोज तीन वेळा कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायचं. पोटभर जेवायचं, पालेभाजी, इसबगोल, भरपूर पाणी. संडासला जोर करायचा नाही. ताप आला, रक्त थांबेना किंवा लघवी अडली तर त्याच पावली परत यायचं. रायभान प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. त्यातलं 'सूज' आणि 'पोटभर' हे दोन शब्द त्याच्या कानात शिरलेच नव्हते, हे मला नंतर कळलं.

परतीच्या पॅसेंजरला गर्दी होती. एक कॉलेजची मुलगी उठून म्हणाली, "मामा, बसा ना." रायभान म्हणाला, "न्हाई पोरी, बस तू." तिनं पुन्हा आग्रह केला. डब्यातल्या चार जणांनी केला. एका म्हाताऱ्यानं तर हाताला धरून ओढलं. पूर्णा येईपर्यंत रायभान साऱ्या डब्याशी हात जोडून भांडत होता आणि मी शेजारच्या माणसाला सांगत होतो की आमच्याकडच्या लोकांना गाडीत उभं राहायची हौस असते.

चुडाव्याला उतरलो आणि माझ्या लक्षात आलं की खरी अडचण पुढेच आहे. रायभान बदकासारखा चालत होता.

"असा गावात शिरलास तर शेंबडं पोरगंबी ओळखंल," मी म्हणालो.

"मंग काय करू? उडत जाऊ?"

आता इथं माझा गुन्हा मी कबूल करतो. पुढं जे रामायण झालं त्याचं बीज मीच पेरलं. आमच्या कंपनीचे नायक एकदा पायाला गळू झालेलं असताना तीन तास उभे राहिले होते. हलता येत नव्हतं म्हणून हलले नाहीत आणि लोक म्हणाले, काय तो दरारा! ते मला आठवलं. स्टेशनबाहेरच्या बाभळीखाली मी रायभानला उभं राहायला शिकवलं. पाठ ताठ. टाचा जवळ. नजर लांब, माणसांच्या डोक्यावरून. चालायचं तर एकेक पाऊल, जसा दरबारात भालदार. दुखलं तर डोळे मिटायचे आणि श्वास नाकानं सोडायचा. रायभान हुशार निघाला. संध्याकाळी तो गावात आला तो असा की पारावरची माणसं बोलायची थांबली.

तिसऱ्या दिवशी त्यानं मला निरोप धाडून बोलावलं. खाटेवर पालथा पडला होता.

"काका, फसवलं बाईनं."

"काय झालं?"

"एक काढला अन् दोन बसवले. हात लावून बघितलं म्या. पयल्यापरीस मोठ्ठं हाय."

मी डॉक्टरांना फोन लावून स्पीकर चालू केला. रायभानने आपली फिर्याद मांडली. पलीकडून आधी हसू आल्याचा आणि मग ते आवरल्याचा आवाज आला.

"मामा, तुम्ही शेळ्या पाळता ना? शेळीला जखम झाली, टाका घातला, तर तिथं सुजतं का नाही?"

"सुजतं की. आठ-धा दिवस ऱ्हातं."

"मग? तुम्ही काय लोखंडाचे?"

"शेळीला मी हळद अन् तेल लावत असतो बाई. लावू का?"

"काही लावायचं नाही! पाण्यात बसायचं. जेवताय ना नीट?"

"व्हय व्हय," रायभान म्हणाला, आणि चुलीपाशी बसलेल्या रुख्मिणीनं हातातली उलथणी जोरात तव्यावर आपटली. फोन बंद झाल्यावर ती बोलली, "काका, तीन दिवस झाले. काळ्या चहाशिवाय कशाला शिवले न्हाईत. भाकरी दावली की तोंड फिरवायलेत."

"कामून रे?"

रायभानने उशीत तोंड घालून उत्तर दिलं. "आत काय गेलंच न्हाई, तर भाईर काय यील?"

मूळव्याधीनं अकरा वर्षं जे शिकवलं होतं, ते एका फोननं कसं पुसणार?

आता भिवराबाईंचा प्रवेश. भिवराबाई म्हणजे रायभानची चुलती, शेजारच्या घरात एकटी राहणारी सत्तरीची बाई. मधली भिंत छातीएवढी. त्या भिंतीवरून गेल्या तीस वर्षांत एकही बातमी न तपासता गावात गेलेली नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती विरजणाला वाटी घेऊन भिंतीशी आली. समोर रायभान कडुलिंबाखाली उभा. पाठ ताठ, टाचा जवळ, डोळे मिटलेले, श्वास नाकानं सोडतोय. खरं तर पोटात कळ आली होती आणि ती तो परतवून लावत होता. पण हे भिंतीपलीकडून कसं दिसावं?

"अगं रुख्मिणे, त्यो कामून उभा हाय असा? कालबी उभाच. बसाना, खाईना."

रुख्मिणी गडबडली. तिला रायभानने शपथ घातली होती. ती म्हणाली, "नवस हाय आत्याबाई."

"नवस? कसला गं?"

"बोलून दावायचा न्हाई. सांगितला की जातो म्हने."

भिवराबाईनं वाटी भिंतीवरच ठेवली आणि विरजण न घेता गेली.

दुपारपर्यंत गावात ठरलं होतं की रायभानने लेकीच्या भरतीसाठी नवस धरलाय. बसायचं नाही, अन्नाला शिवायचं नाही, बोलायचं कमी. संध्याकाळपर्यंत कुणाला हेही कळलं की नवस वेशीबाहेरच्या पिराला बोललाय. आणि आमच्या भागात पिराला नवस बोलला की तो कंदुरीनंच फिटतो. कंदुरी म्हणजे बोकड कापून साऱ्या गावाला जेवण. बोकड कसा हवा? काळा, बिनखोट, डौलदार, अंगावर एक पांढरा केस नको. गावात असा बोकड एकच होता आणि तो त्या वेळी रायभानच्या अंगणात टबापाशी पेंडीची वाट बघत होता.

मी सुरुवातीला दाखवला तो प्रसंग ह्याच्या दुसऱ्या दिवसाचा. साडी पडली, नवाबाला हाकललं, साडी पुन्हा बांधली. तेवढ्यात अंगणाच्या फाटकाशी चपला काढल्याचा आवाज आला. गावातले दोघं-तिघं आत न येता लांबूनच हात जोडून उभे होते. साडीमागून "स्स... आय गं..." चालूच होतं. एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "नामस्मरण चाललंय."

त्याच दिवशी रुख्मिणीचा संयम संपला. एका हातात पालकाच्या भाजीची ताटली आणि दुसऱ्या हातात इसबगोलाचा पेला घेऊन ती त्याच्यापुढं उभी राहिली. "हे आत गेलं न्हाई तर भिंतीवरून आत्याबाईला सारं सांगते. आप्रेशनसगट." रायभान निमूटपणे जेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो संडासात गेला. त्या प्रसंगाचं वर्णन मी करणार नाही. काही प्रसंग आमच्या रंगभूमीवरही पडद्यामागंच घडत. एवढंच सांगतो की बाहेर रुख्मिणी हात जोडून उभी होती, मी घड्याळ बघत होतो आणि गोठ्यातल्या शेळ्या रवंथ करायच्या थांबल्या होत्या. वीस मिनिटांनी दार उघडलं. घामानं भिजलेला रायभान बाहेर आला.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"जल्मापासून रोज जे व्हत व्हतं, तेच. पन काका, आज त्याची किंमत कळली." आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

त्यानंतर तो जेवू लागला. सूज ओसरू लागली. आठव्या दिवशी परभणीला दाखवून आलो, डॉक्टरीणबाई खूश. अजून आठ-दहा दिवस जमिनीवर बसू नका, म्हणाल्या. सगळं सुखान्त होत आलं होतं. नवव्या दिवशी राजनंदिनीचा फोन आला.

"आबा! यादी लागली! माझं नाव हाय आबा!"

आनंदाच्या भरात रायभान सगळं विसरला आणि धाडकन ओट्यावर बसला. त्याच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती भिंत ओलांडून गेली. भिवराबाई धावत आली, काय झालं विचारलं, लेक पोलीस झाली असं रुख्मिणीनं सांगितलं. मग भिवराबाईनंही किंकाळी फोडली.

"पावला गं बाई! नवस पावला!"

तासाभरात भगवानराव हजर. गावातल्या प्रत्येक कंदुरीचे कारभारी तेच. मटण शिजवायची मोठी देग त्यांच्या घरी, मसाल्याचा अंदाज त्यांचा, किती भाकरी लागतील ते माणसं मोजून नाही, तर वास घेऊन सांगतात असं लोक म्हणतात. भगवानराव कुठंही जाताना खांद्यावर चौघडी केलेलं मऊ घोंगडं घेऊन जातात आणि त्याच्यावरच बसतात, दुसऱ्याच्या सतरंजीवर नाही. गावात ह्याला रुबाब म्हणतात. ते सरळ नवाबापाशी गेले आणि त्याच्या पाठीवरून, बरगडीवरून हात फिरवला.

"गुरवारी," ते म्हणाले.

ते गेल्यावर रायभान माझ्या ओट्यापाशी आला. पाठ ताठ नव्हती, नजर लांब नव्हती. मी शिकवलेलं सारं गळून पडलं होतं.

"काका, खरं बोललो तर इज्जत जाती. न्हाई बोललो तर नवाब जातो. तुमी नाटकवाले, कायतरी तोड काढा."

मी रात्रभर नाही, पण दुपारभर विचार केला आणि त्याला सुचवलं की नवस गूळ-खोबऱ्याचा होता असं सांग. त्यानं सांगून पाहिलं. भगवानराव शांतपणे म्हणाले, "पोलीस भरती गूळ-खोबऱ्यावर व्हती व्हय?" पारावरच्या सगळ्यांना हा मुद्दा पटला. मलाही पटला.

बुधवारी सकाळी रायभानच्या अंगणात बैठक भरली. वीस-पंचवीस माणसं, बायका चुलीकडच्या बाजूला. भगवानराव घोंगडं पसरून मध्यभागी, किंचित एका अंगावर कललेले. भिवराबाई आज भिंतीवरून नव्हे तर फाटकातून आली होती, नवं लुगडं नेसून. नवाबाच्या गळ्यात कुणीतरी झेंडूचा हार घातला होता आणि तो मान वाकडी करून हाराची फुलं खात होता.

"बस रायभान," भगवानराव म्हणाले. "नवस पावला. आता उभं ऱ्हायचं काय काम?"

"ऱ्हाऊ द्या. बरा हाय."

"बरा कसा? घरचा मालक उभा अन् आमी बसायचं? शोभतं का?"

दोघा जाणत्यांनी मोठ्या प्रेमानं त्याच्या दोन खांद्यांवर हात ठेवले आणि खाली दाबू लागले. रायभान गुडघ्यात वाकला, पुन्हा ताठला, पुन्हा वाकला. "बस की गड्या!" "न्हाई!" "लाजतो काय आपल्याच घरात!" मी ओट्यावरून उठलो. पन्नास वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं बोललेला माणूस मी. माझ्यापाशी तिथं एकही वाक्य नव्हतं.

तेवढ्यात नवाबानं हार संपवला. तो गर्दीतून वाट काढत गेला, साडीखालून आत शिरला आणि टबात तोंड घालून उभा राहिला. टब रिकामा होता. त्यानं मान वर केली आणि रायभानकडे बघून एकदाच ओरडला. रोज सकाळी ओरडतो तसा. त्याला फक्त पेंड हवी होती.

रायभानने खांद्यावरचे दोन्ही हात झटकले.

"नवस न्हाई," तो म्हणाला.

"काय?"

"नवस-बिवस कायबी न्हाई. मला मुळव्याध हाय. अकरा वर्सं व्हती. परभनीला जाऊन आप्रेशन केलंय. बसता येत न्हाई म्हून उभा हाव. खायाचं भ्या वाटलं म्हून खाल्लं न्हाई. त्या साडीमागं मी पान्यात बुड बुडवून बसतो, नाव कुनाचंच घेत न्हाई. पोरगी तिच्या मेहनतीनं लागली. पिराचं नाव म्या घेतलं न्हाई, रुख्मिणीनं घेतलं न्हाई. तुमी घेतलं. मला काय हसायचं ते हसा, पन बोकडाला हात लावू नका."

अशी शांतता मी आयुष्यात तीनदाच ऐकली आहे, आणि त्यातल्या दोनदा पुढं टाळ्या पडल्या होत्या. इथं काय पडेल ह्याचा नेम नव्हता. चुलीकडून एक बाई फिस्सकन हसली आणि थांबली. रायभान मान खाली घालून उभा. रुख्मिणी त्याच्या मागं येऊन उभी राहिली. खांदे दाबणारे दोघं आपापले हात बघत होते. मग भगवानरावांनी घसा साफ केला.

"कोन्या डॉक्टरकडं केलं म्हनलास?"

आवाज इतका हळू होता की प्रॉम्प्टरला शोभावा.

"परभनीला. मंजुषाबाई हायेत."

"लय दुखतं का?"

"पयले चार दिवस. मंग उतरतं." रायभानने वर बघितलं. "कामून? तुमाला बी...?"

भगवानराव फक्त आपल्या मऊ घोंगड्यावर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलले, आणि साऱ्या बैठकीला वीस वर्षांच्या रुबाबाचा उलगडा झाला. आता मात्र हसू फुटलं. सगळ्यांत आधी भगवानरावच हसले आणि हसता हसता "आय गं" म्हणाले.

हसणं जरा ओसरल्यावर भिवराबाई चुलीकडून पुढं आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सत्तर वर्षांच्या त्या तोंडाळ बाईला मी पहिल्यांदाच शब्द शोधताना पाहिलं.

"बाई हाय म्हनलास ना डॉक्टर? बाईमानूस?"

"व्हय चुलते."

"मंग मला बी घिऊन चला एकदा. मानसाला दावायचं म्हून मी कुनाला बोललेच न्हाई." रुख्मिणीनं तिचा हात धरला आणि तिला ओट्याच्या कडेला, घरातली उशी देऊन, बसवलं.

कंदुरी झाली नाही. गुरुवारी राजनंदिनी पेढे घेऊन आली आणि बापाला उभ्याउभ्याच मिठी मारून रागावली, की एवढं झालं आणि मला सांगितलं नाही. शनिवारी आम्ही तिघं परभणीला निघालो: भगवानराव, भिवराबाई आणि वाट दाखवायला मी. गाडीत ह्या वेळी तिघंही उभे होतो. त्यांच्याबरोबर मी कशाला उभा होतो, ते मला अजून सांगता येत नाही, सवयीनं असेल.

पण बुधवारची ती बैठक मोडतानाचं एक राहिलं. माणसं उठून जात होती. भगवानराव घोंगडं खांद्यावर टाकून निघाले, फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. साडीपाशी थांबून त्यांनी आत डोकावलं. नवाब अजून टबापाशीच उभा होता.

"रायभान," त्यांनी हळूच विचारलं, "त्या कोमट पान्यानं खरंच आराम पडतो का रे?"

रायभानने टब उचलला, लुंगीच्या सोग्यानं आतून पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"न्या तुमी, भगवानराव. पन दिस मावळायच्या आत वापस आनून द्या. नवाबचा जेवायचा हाय त्यो."